हात मांडीखाली

२ फेब्रुवारी, सोमवार

आज जे पाहिलं ते सांगायचं कुणाला? समोरच्या बाईला सांगावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळेल. म्हणून ही डायरी काढली. बँकेत असताना नव्या वर्षाला मिळायच्या, त्यातली एक कोरी राहिली होती. साल जुनं आहे, वार मी माझे घालतेय.

धाकट्याची दुपारची गोळी घरीच राहिली. राहिली म्हणजे मीच त्याच्या खिशात घालायला विसरले, कारण त्याचे खिसे मीच भरते. धावतपळत त्याच्या पुनर्वसन केंद्रात गेले. एरवी मी त्याला फाटकाशी सोडते आणि फाटकावरूनच परत घेते, आतलं काही पाहिलेलं नव्हतं. आत कुणी भेटेना म्हणून आवाजाच्या दिशेने गेले तर स्वयंपाकघर निघालं. दाराला काच होती. काचेतून बघते तर आमचा धाकटा, कमरेला एप्रन, हातात ही एवढी लांब सुरी, आणि कांदा चिरतोय. टकटक टकटक, हॉटेलातला आचारी चिरतो तसा. शेजारी एक मुलगी गाजरं घेऊन उभी, त्याला विचारतेय, "दादा, एवढे तुकडे चालतील?" आणि हा म्हणतो, "अजून बारीक."

घरी सुऱ्या मी कुलपात ठेवते. बाहेर जाताना गॅस मागून बंद करून जाते. या माणसाला आज सकाळी मी मोजे घातलेत.

धाकटा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तसे त्याचे केस पिकलेत, पण घरात तो धाकटाच. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. गोळ्यांवर तो बरा होता, रोपवाटिकेत कामालाही जायचा. माझं लग्न झाल्यावरही आमच्याकडेच राहिला, ह्यांची कधी ना नव्हती. मग हे गेले, आणि त्याच सुमाराला तो जो बसला तो बसलाच. मी स्वतः अंथरुणात होते, भिंतीकडे तोंड करून, आठवडेच्या आठवडे. त्यात याचं हे सुरू झालं. शर्ट घालता येईना, बटण लावता येईना, चहा कपात ओतता येईना. करणार कोण? उठले. तेव्हापासून मी उभीच आहे.

आणि हा तिकडे कांदा चिरतोय.

मी दार ढकलून आत गेले आणि त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. एक चष्मेवाली बारीकशी बाई पुढे आली, माझ्या भाचीच्या वयाची असेल. तीच इथली व्यवसायोपचार करणारी. मी मनात तिचं नाव मास्तरीण ठेवून टाकलंय. म्हणाली, "ताई, ते महिनाभर आमच्या सगळ्यांचं जेवण करतायत. तुम्हाला माहीत नाही?"

महिनाभर. मी काय बोलले ते आठवत नाही. बरंच बोलले असणार, कारण गाजरवाली मुलगी रडायला लागली. बाहेर येता येता मास्तरणीने आणखी एक बाँब टाकला. केंद्राचं म्हणे एक घर आहे, चौघं जण राहतात, आपलं आपण करून खातात, संध्याकाळी कुणीतरी येऊन बघून जातं. तिथली एक खोली रिकामी होतेय. धाकट्याला ती द्यायचं त्यांच्या मनात आहे. "त्याआधी घरी येऊन एकदा बघावं लागेल, तिथे ते काय काय करतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, या की. जरूर या. डोळे उघडतील तुमचे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी त्याला विचारलं, "कांदा चिरतोस?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

आणि पाय पुढे केला. मी मोजा घातला. दुसरा पाय पुढे केला. दुसरा घातला. बटणं लावताना माझ्याकडे बघत होता, टक लावून. मी म्हटलं, काय बघतोस? म्हणाला, काही नाही. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. सारखं ते घरच डोळ्यांपुढे येतंय. तीन परकी माणसं, गॅस, जिना, रस्ता. याला रात्री आवाज ऐकू आले तर कुणाच्या दाराशी जाईल हा?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरणीने बोलावलं म्हणून गेले. तिच्या खोलीवर पाटी आहे, व्यवसायोपचार. माझी आपली समजूत होती की मेणबत्त्या नि कागदी पिशव्या करून घेत असतील आणि शेवटी प्रदर्शन भरवत असतील. तर ही म्हणते, व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करतो ते सगळं त्यात येतं, दात घासण्यापासून रस्ता ओलांडण्यापर्यंत. या आजारात ते एकेक हातातून सुटत जातं आणि मग माणसाला आपण कोण तेच कळेनासं होतं. म्हणून तेच एकेक परत हातात द्यायचं. गोळ्या डॉक्टरांनी द्यायच्या, दिवस आपण द्यायचा. बोलते छान.

मी म्हटलं, अहो, पण घरी त्याला बटण लागत नाही. म्हणाली, मग शेवटून सुरुवात करा. सगळी बटणं तुम्ही लावा आणि शेवटचं एक सोडून द्या. काम पुरं झालं ते त्यांच्या हातून व्हायला हवं. ते जमलं की शेवटची दोन सोडा, मग तीन, असं करत वरपर्यंत. मोजे तसेच, चहा तसाच. "आणि तुम्ही काय करायचं," ती म्हणाली, "तर खुर्चीत बसायचं आणि हात मांडीखाली ठेवायचे."

"काय?"

"हात मांडीखाली, ताई. नाहीतर ते आपोआप पुढे जातात."

मला तिने खुर्चीत बसवून करून दाखवायला लावलं. या वयात, बँकेत तीस माणसं हाताखाली घेतलेली मी, हातांवर बसले. हसावं की रडावं कळेना.

९ फेब्रुवारी, सोमवार

शेवटचं बटण सोडलं. हात मांडीखाली घेऊन बसले.

धाकटा बघत बसला. बटणाकडे नाही, माझ्याकडे. मी भिंतीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. हातांना मुंग्या आल्या. केंद्राची वेळ होत आली, हा तसाच. शेवटी माझाच जीव राहिना. उठले आणि लावून टाकलं. त्याने लगेच मोज्यासाठी पाय पुढे केला.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की फाटकापर्यंत जाताना मी गुणगुणत होते. समोरची म्हणालीसुद्धा, आज स्वारी खुशीत दिसतेय. का बरं वाटावं? मला वाटतं, माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा तेच. मास्तरणीला फाटकावरच सांगितलं, नाही जमत त्याला. ती म्हणाली, इथे तर ते स्वतः कपडे बदलून एप्रन घालतात, मागची गाठसुद्धा स्वतः मारतात. मग विचारते कशी, "घरी ते तुमच्याकडे बघतात का, ताई? काही करायच्या आधी?"

बघतो की. बघणारच. माझ्याशिवाय आहे कोण त्याला?

ती "हं" म्हणाली. या लोकांचं हे "हं" मला आवडत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

झालं एकदाचं. मास्तरीण घरी येऊन गेली.

ती कोपऱ्यात स्टुलावर, मी खुर्चीत, हात जिथे असायला हवेत तिथे. धाकट्याने करायचं काय, तर चहा, एक अंडं उकडायचं आणि ब्रेड भाजून लोणी लावायचं. कुलूप मीच काढून दिलं, गॅस मागून मीच सुरू करून दिला. तो ओट्यापाशी उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. पातेलं उचललं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. अंडं हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते फरशीवर पडलं. चहाचं पाणी आटेपर्यंत उकळत राहिलं आणि हा त्याच्यासमोर हात खाली सोडून उभा. पातेलं करपल्याचा वास सुटला तशी मी उठले, गॅस बंद केला, फरशी पुसली, अंडं उकडलं, लोणी लावलं आणि दोघांनाही खायला घातलं.

"तुम्ही उठलात," मास्तरीण म्हणाली.

"घर पेटू द्यायचं होतं का?"

तिने वही मिटली. जाताना दारात म्हणाली, "याचा अर्थ मला लागत नाहीये, ताई. तिथे येतं आणि इथे येत नाही असं होतं कधीकधी. पण अंडं त्यांच्या हातून निसटलं नाही. त्यांनी बोटं उघडली." म्हणे पुढच्या आठवड्यात आणखी एकदा येते, तेव्हाही असंच झालं तर खोली दुसऱ्याला द्यावी लागेल, रांगेत माणसं आहेत.

द्या ना. मी जिंकले. पण बोटं उघडली म्हणजे काय? कुणी मुद्दाम अंडं पाडतं का? ही पोरगी पुस्तकं वाचून काहीही बघते. जेवल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, तू चिडलीस?" मी म्हटलं, नाही रे बाबा, मी का चिडू. तो म्हणाला, "मग ठीक." आणि शांत झोपला. मीच जागी आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरणीने आज मलाच समोर बसवलं. "तुमचा दिवस सांगा." सांगितला. उठते, त्याचं पाणी तापवते, त्याचे कपडे, त्याचा नाश्ता, त्याला सोडते, त्याचं जेवण, त्याला आणते, त्याच्या गोळ्या. ती म्हणाली, "आणि तो केंद्रात असतो तेव्हा?" मी म्हटलं, तेव्हा तो यायची वाट बघते. "आणि तुमचं स्वतःचं काय काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पेशंट तो आहे की मी? तसं म्हटलंही. ती म्हणाली, "विचारायचं असतं, म्हणून विचारलं." उठून आले. स्वतःचं काय काय म्हणे. घर आहे, भाऊ आहे, आणखी काय असतं माणसाचं?

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

आज केंद्राला सुट्टी होती. धाकटा घरी. मी त्याला शर्ट घालून दिला नव्हता, आल्यावर घालते म्हटलं, आणि पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. बँकेत पोचल्यावर कळलं, साहेब आज नाहीत. तशीच परत फिरले. जिना धुतलेला होता, ओल्या चपलांचा पचपच आवाज नको म्हणून चपला हातात घेतल्या. समोरचीच्या दाराशी थांबायचं टाळलं. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं, आत गेले.

आतल्या खोलीत धाकटा आरशासमोर उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. सगळी बटणं लावलेली, गळ्यापासून खालपर्यंत, बाह्यांचीसुद्धा. मोजे घातलेले. केस विंचरत होता. टेबलावर चहाचा कप आणि बशीत अंड्याची टरफलं. सुऱ्यांच्या कपाटाची किल्ली कपाटालाच होती.

मी दारातच थांबले, तिथून आरशात मी दिसत नव्हते. माझ्या हातातली एक चप्पल निसटून पडली. तो दचकला, वळला नाही, मला वाटतं त्याला दाराचाच आवाज वाटला असावा. आणि त्याने काय करावं? कंगवा खाली ठेवला आणि भराभर बटणं काढायला लागला. पहिलं, दुसरं, तिसरं. बोटं कशी चालत होती. शर्ट काढून पलंगावर टाकला, मोजे ओरबाडून काढले, टरफलं कागदात गुंडाळून खिशात कोंबली, आणि पलंगाच्या कडेला येऊन बसला. हात मांडीवर. नजर जमिनीवर. रोज मी आत येते तेव्हा बसलेला असतो, अगदी तसा.

मग त्याने वर बघितलं आणि मी दारात होते.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, मी आजवर नुसतं ऐकलं होतं. मी भिंतीला धरलं. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते माझ्याच घरात चाललं होतं, आणि मी त्याला मोजे घालत होते.

"कधीपासून?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

तो म्हणाला, "भावोजी गेले तेव्हापासून."

"का?"

त्याला सलग बोलायला त्रास होतो, मधेच थांबतो. म्हणाला, "तू उठत नव्हतीस. जेवत नव्हतीस. मी चहा आणायचो, तो तसाच राहायचा. मी हाका मारायचो, तू भिंतीकडे बघायचीस. मग एक दिवस मला खरंच बटण लागेना. हात थरथरत होते, भीती वाटत होती. मी तुझ्यापाशी येऊन उभा राहिलो. तू उठून बसलीस आणि लावून दिलंस. पहिल्यांदा उठलीस."

मी हातातली दुसरी चप्पल खाली ठेवली.

"दुसऱ्या दिवशी मला लागत होतं," तो म्हणाला. "पण मी लावलं नाही."

त्यानंतर काय काय विचारलं, सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, मग इतकी वर्षं का? एकदा उठले होते ना मी? तर म्हणाला, मधे मधे तो लावून बघायचा, एखादं बटण, आणि मी पुन्हा दुपारी पलंगावर जाऊन पडायचे. म्हणून मग सोडून दिलं. "पुढे पुढे खरंच येईना, ताई. हात विसरले. केंद्रात गेल्यावर परत आलं. मग घरी लपवायला लागायचं."

मी त्याच्या थोबाडीत मारली असती. हात उचललाही होता. मग तो हात घेऊन काय करायचं तेच कळेना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

त्याच्याशी बोलले नाही. त्याने स्वतःचा शर्ट घातला, स्वतःचे मोजे घातले, चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला. चांगला झाला होता. त्याचाच जास्त राग आला.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मी त्याला सांभाळते. समोरचीला, बँकेतल्या मैत्रिणींना, डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले होते, तुमच्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं. मान ताठ करून घरी आले होते मी त्या दिवशी. आणि हा मनात काय म्हणत असेल? कसली सेवा आणि कसलं काय. फसवली मला. स्वतःची नोकरी सोडली, रोपवाटिका सोडली, घरात वेड्यासारखा बसून राहिला, का तर मी दुपारी झोपू नये म्हणून.

हे वर लिहिलेलं वाक्य आता पुन्हा वाचलं. पुढे लिहिता येत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरणीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता "हं" म्हणेल. ती म्हणालीच नाही. तिने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला, आणि तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले. "मी त्यांनाच तपासत राहिले," ती म्हणाली. "मला वाटलं आजारामुळे घरी जमत नाहीये."

मी म्हटलं, आता काय करायचं ते सांगा, खोली त्याला मिळायला हवी. हे मी म्हटलं. माझ्याच तोंडून गेलं. तोवर मला खोलीचं नावसुद्धा नको होतं.

"त्यांना सगळं येतंय," ती म्हणाली. "पण ते जाणार नाहीत, ताई. तुम्ही त्यांच्याशिवाय उठता हे डोळ्यांनी दिसल्याखेरीज नाही जाणार." मग म्हणाली, तुमच्यासाठीही काहीतरी शोधू. सकाळी बाहेर पडायला लागेल असं. गाण्याचा वर्ग, हिशेब शिकवणं, पोहणं, काहीही. मी म्हटलं, मला काही नको, मी ठणठणीत आहे. त्याचं बघा.

ती म्हणाली, "तुमचं बघणं हेच आता त्याचं बघणं आहे." मी पर्स उचलली आणि निघून आले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीण दुसऱ्यांदा आली. तीच खुर्ची, तेच स्टूल. धाकटा ओट्यापाशी गेला आणि लगेच माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस, मी खिडकीबाहेर बघतेय." आणि खरंच मान वळवून बसले. समोरची गॅलरीत पायपुसणी झटकत होती, तिच्यावर नजर ठेवली.

मागे आवाज येत होते. काडेपेटीची काडी. पाणी. चमचा. मधे काहीच आवाज नाही, बराच वेळ. मला माहीत होतं तो माझ्या पाठीकडे बघतोय. हात मांडीखाली इतके दाबले होते की अंगठ्या रुतल्या. मग ब्रेड करपल्याचा वास आला. उठले नाही. देवाशपथ सांगते, अख्ख्या आयुष्यात मला याहून अवघड काही गेलेलं नाही. हे गेले तेव्हा निदान काही करायचं नव्हतं.

मग बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. धाकटा म्हणाला, "ताई, एक बाजू करपली. खरवडली मी."

मास्तरीण म्हणाली, खोली तुमची. तो हसला नाही. मला विचारलं, "जाऊ?" मी म्हटलं, जा. पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, कितीदा विचारशील, एकदा सांगितलं ना.

करपलेला ब्रेड मी खाल्ला. त्याच्या हातचं खाताना रडू येऊ नये म्हणून भराभर खाल्ला.

१ मार्च, रविवार

दिवसभर त्याची बॅग भरत होते. तो म्हणाला, मी भरतो. मी म्हटलं, एवढं तरी करू दे. भरू दिली. उद्या दहाच्या बसने जायचंय. मास्तरीण तिकडे स्टॉपवर उभी राहणार आहे, पण बस एकट्याने पकडायची असं ठरलंय.

खूप भीती वाटतेय. त्याची नाही वाटत. तो नीट राहील हे मला आता कळलंय. परवा सकाळी डोळे उघडल्यावर काय, याची वाटतेय. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

२ मार्च, सोमवार

तो गेला. जाताना मी दारात चांगली हसतमुखाने उभी होते, स्वतःची पाठ थोपटावी इतकी. "रविवारी येतेस ना?" म्हणाला. म्हटलं, येते. जिन्यावरची पावलं थांबली तसं मी दार लावलं, आणि काय झालं मला माहीत नाही, सरळ पलंगावर जाऊन पडले. चादर ओढली. भिंतीकडे तोंड केलं. वाटलं, आता काही नको. चहा नको, कोण आलं गेलं नको. भिंतीवरचा रंग तोच आहे, तेव्हा होता तो.

तेवढ्यात बेल वाजली. वाजू दिली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. उठून दार उघडलं तर हा, बॅग खांद्याला, धापा टाकत.

"दाढीचं सामान राहिलं," म्हणाला आणि बाथरूमकडे गेला. बाहेर आला तो खिशात हात घालूनच. माझ्या केसांकडे बघितलं. मग दारातून आत, पलंगाकडे बघितलं. चादर अर्धी खाली लोंबत होती.

"झोपली होतीस?"

"छे. कामाला निघाले होते."

"कसल्या?"

"आहे एक."

त्याने बॅग खाली ठेवली, खुर्चीत बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. "मग तू येईपर्यंत थांबतो," म्हणाला. "बस काय, उद्याही आहे."

ती नाडी सुटली असती तर तो परत गेला नसता. ना उद्या, ना परवा, आणि उद्या सकाळी त्याला बटण लागलं नसतं. मी चपला पायात घातल्या, बोटांनीच केस सारखे केले, दाराआडची रिकामी पिशवी घेतली आणि किल्ली घेतली. "थांबायचं काय त्यात? चल, बरोबरच उतरू. मला उशीर होतोय."

"खरंच?"

"अरे, बांध ती नाडी."

बांधली. खाली आलो. स्टॉप डावीकडे, म्हणून मी म्हटलं, माझं काम उजवीकडे आहे. तो म्हणाला, जा मग. स्टॉपवर जाऊन उभा राहिला आणि बघत राहिला. आता तो बघत असताना मी उभी कशी राहणार? चालायला लागले. कोपऱ्यावर वळून पाहिलं, तो बघतच होता. वळसा घेतला. तिथून घरी परत यायचं तर त्याच्यासमोरूनच जायला लागलं असतं, म्हणून पुढे चालत राहिले. लाँड्रीवरून, सायकलवाल्यावरून, शाळेच्या भिंतीकडेने. कुठे चाललेय ते मलाच माहीत नव्हतं, पण कामाला निघालेलं माणूस चालतं तशी झपझप चालत होते.

मागून बस आली. खिडकीत धाकटा होता. त्याने मला चालताना पाहिलं आणि मान हलवली. बस गेली.

आता वळून घरी येता आलं असतं. आले नाही. एकदा पाय निघाले होते, ते जात राहिले. एका गल्लीत वाचनालय दिसलं, इतकी वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. आत जाऊन बसले. पेपर वाचला, मासिक वाचलं. टेबलापलीकडच्या आजोबांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, त्यांना एक बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, उद्या येता का? मी म्हटलं, बघते.

आत्ता घरी आले. पाय भरून आलेत. बाथरूममध्ये तोंड धुताना आठवलं आणि तशीच ओल्या हातांनी लिहायला बसलेय. दाढीचं सामान काल मी स्वतः त्याच्या बॅगेत तळाशी ठेवलं होतं, टॉवेलात गुंडाळून, त्याच्या डोळ्यांदेखत. मग हा आज रिकाम्या खिशात हात घालून परत काय बघायला आला होता?